पंच्याखालचा भाव

आमच्या घरात कुठल्याच वस्तूची किंमत कुणाला माहीत नसते. म्हणजे आबांना असते, पण ते सांगत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाई अनसाबाईंना, हिरवं नऊवारी लुगडं आणलं. आत्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, काठाची जर नखानं खरवडली आणि विचारलं, "केवढ्याला पडलं?"

"अंगाला बसतंय का बग आदी," आबा म्हणाले.

नऊ वार लुगडं कुणाच्या अंगाला बसायचं राहतं? पण भाव विचारला की आबांचं असंच काहीतरी निघतं. आत्या ते लुगडं नेसताना अजून दर वेळी विचारतात आणि आबा दर वेळी परसात निघून जातात.

माझे सासरे गेणबा आबा. भांडगावात हायवेच्या अलीकडं आमचं घर आणि पलीकडं रान. आबांच्या वडिलांपर्यंत सगळे मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. आबांनी फिरणं सोडलं, पण मेंढरं सोडली नाहीत. चाळीस वर्षं ते मेंढरांच्या बाजारात दलाल होते. आता सत्तरी आली, बाजार सुटला, परसात आठ मेंढ्या उरल्या आणि खांद्यावर एक पांढरा पंचा उरला. त्या पंच्यानं ते घाम पुसत नाहीत, तोंड तर मुळीच पुसत नाहीत. एकदा मी तो चुकून पोछ्याच्या कपड्यांत भिजवला तेव्हा आत्या घाईघाईनं मला म्हणाल्या, "अगं, त्यो काढ आदी. ते त्येंचं दुकान हाय."

जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल समोरच्याचा हात हातात घेतो, वर पंचा टाकतो आणि आत बोटं धरतो. आधी धराल ती दहाची, मग धराल ती सुटी. तीन बोटं आणि मग दोन, की झाले बत्तीस. शेकडे की हजार, हे जनावराकडं बघून दोघांनाही कळतं. शेवटी मूठ आवळली की सौदा पक्का. आत हे चाललेलं असताना वर तोंडानं ऊस कुठल्या कारखान्याला घातला, थोरलीचं जमलं का, अशी चौकशी चालते. भोवती पंधरा माणसं मान वाकडी करून बघत असतात, पण सुरकुत्यांखेरीज कुणाला काही दिसत नाही. एकाला पडलेला भाव दुसऱ्याला कळता कामा नये, हे त्या धंद्याचं इमान.

माझं लग्नसुद्धा ह्याच पंच्याखाली ठरलं. माझे वडील, अण्णा, शिरूर तालुक्यात केंदूरला शाळामास्तर होते. बैठकीत जेवणावळीचा विषय निघाला तसा आबांनी अण्णांचा हात हातात घेतला, वर पंचा टाकला आणि विचारलं, "यंदा शाळंत पोरं किती हायती?" अण्णांना वाटलं, व्याही प्रेमळ आहेत, हात दाबतायत. त्यांनीही प्रेमानं हात दाबला. चारशे माणसांची ठरवून आलेली पंगत सातशेवर गेली ती अशी. अण्णा अजून म्हणतात, "मी फक्त आपुलकी दाखवली." आबा म्हणतात, "मास्तर, मूठ तुमीच आवळली."

तर अशा माणसाला घेऊन मला दवाखान्यात जायची वेळ आली.

आमची स्नेहल चौथीत आहे. लहानपणापासून ती घोरायची आणि आम्ही हसायचो की आजोबांवर गेली. गेल्या वर्षापासून ते घोरणं मधेच थांबायला लागलं. घोरणं थांबलं की घरातल्या बाकीच्यांना बरं वाटतं. मला वाटत नसे, कारण त्या वेळी तिचा श्वासही थांबलेला असे. मी शेजारी पडून मोजायची. सहा, सात, आठ. मग ती एकदम हिसका देऊन श्वास ओढायची, कूस बदलायची आणि गाढ झोपायची. मी पुढच्या खेपेची वाट बघत पडायची. दिवसा ती तोंड उघडं टाकून बसायची, वर्गात पेंगायची आणि 'आई' म्हणायची ते 'आईं' असं ऐकू यायचं.

माझे मिस्टर, हनुमंत, कंटेनरवर ड्रायव्हर आहेत. महिन्यातले वीस दिवस ते दक्षिणेत असतात. मी त्यांना फोनवर आकडे सांगायची.

"काल अकरा झाले."

"काय अकरा?"

"अकरा मोजेपर्यंत श्वास नव्हता."

त्यावर ते गाडी बाजूला घेऊन उभी करायचे. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

शेवटी मी तिला दौंडला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. खाली चकचकीत फरशी, वर गार हवा, त्यामुळं मला आत शिरल्याशिरल्याच निम्मं बरं वाटलं. डॉक्टरांनी तिला आ करायला लावून बॅटरी मारली. टॉन्सिल दोन्हीकडून वाढून एकमेकांना टेकलेले होते आणि नाकामागंही मांस वाढलेलं होतं. "काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या सोमवारी या. काउंटरवर फॉर्म भरून ठेवा."

मी बी.कॉम. आहे. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी मी दोन ठिकाणी विचारून घेते. पण डॉक्टरांनी ऑपरेशन म्हटल्यावर 'किती लागतील' हे काही केल्या माझ्या जिभेवर येईना. विचारलं तर त्यांना वाटेल, हिला पोरीपेक्षा पैसा मोठा. त्यांना राग येईल, आणि सोमवारी सुरी त्यांच्याच हातात असणार. स्नेहलच्या जन्माच्या वेळीही मी न वाचता जिथं दाखवतील तिथं सही केली होती. त्या बिलात 'इतर' म्हणून एक मोठी रक्कम होती. ते इतर म्हणजे काय, हे आज पोरगी नऊ वर्षांची झाली तरी मला ठाऊक नाही.

फॉर्म भरायला दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा आबा सोबत आले. पंचा इस्त्री केलेला होता. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

काउंटरवर टाय लावलेले मॅनेजर होते. तरुण, हसतमुख. "दहा हजार ॲडव्हान्स भरा," ते म्हणाले, "बाकी डिस्चार्जला."

मी पर्सची चेन उघडली. आबांनी विचारलं, "बाकी म्हंजी किती?"

"ते केसवर डिपेंड आहे, आजोबा."

"अंदाजे सांगा की."

"पंचवीस पण होतील, पन्नास पण होतील. पेशंटच्या कंडिशनवर आहे."

"मेंढराचाबी भाव कंडिशनवरच असतो," आबा म्हणाले. "पर आमी त्वांड उघडून दात बगितलं की सांगतो. तुमच्या डॉक्टरनं काल पोरीचं त्वांड उघडून, बॅटरी मारून बगितलं की!"

मागं रांगेत कुणीतरी फसकन हसलं. मी आबांचा सदरा मागून ओढला. मॅनेजर म्हणाले, "आजोबा, ॲडमिट झाल्यावर सगळं क्लिअर होतं."

इथं आबांच्या डोक्यात वेगळाच उजेड पडला. त्यांनी मागची रांग बघितली, मॅनेजरांचं हसू बघितलं आणि त्यांना वाटलं, हा माणूस अस्सल धंदेवाला आहे, चारचौघांत भाव फोडत नाही. मॅनेजरांबद्दलचा आदर त्यांच्या चेहऱ्यावर मला साफ दिसला. त्यांनी सावकाश खांद्यावरचा पंचा उतरवला, काउंटरवर पसरला, त्याखालून मॅनेजरांचा हात धरला आणि मोठ्यानं विचारलं, "मग? दौंडाला पान्याचं कसं काय हाय यंदा?"

मॅनेजर आधी पंच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी वर भिंतीकडं बघितलं आणि विस्तव लागल्यासारखा हात मागं घेतला. "आजोबा! काय देताय हे? वर कॅमेरा आहे! माझी नोकरी घालवाल!"

"देतोय कुठं? इचारतोय!"

"असं काही चालत नाही आमच्याकडं!"

रांगेतल्या एक बाई पुढं वाकून म्हणाल्या, "बाबा, इचारताच हाय तर आमच्या अपेंडिक्सचंबी इचारा." आता अख्खी रांग हसली. स्नेहलही हसली, नाकातून. मला फरशी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं, पण फरशी फारच पक्की बसवलेली होती.

आबांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. चेहरा उतरला होता, पण अपमानानं नव्हे. घेतलेलं जनावर घरी आणल्यावर लंगडं निघावं, तसा तो चेहरा होता. "चल," ते म्हणाले. "त्येचा हात रिकामा हाय. त्यालाच भाव ठावं न्हाई."

ॲडव्हान्स न भरता आम्ही बाहेर आलो. एसटी स्टँडवर मी स्नेहलला बाकावर बसवलं आणि आबांना म्हटलं, "गेला आपला सोमवार. तुम्हाला माहीत आहे काल किती झाले? बारा."

"म्हाईत हाय," आबा म्हणाले.

"मग पैशासाठी..."

"पैसं न्हाईत म्हनलो का मी?" ते माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत, बाकावर बसून बोटं मोजत राहिले. "परसात आठ मेंढ्या. तीन भाकड, पाच गाभण. पंचवीस-तीस लागत असलं तर भाकड काढून मोकळा झालो. पन्नास असलं तर गाभण्याबी काढाव्या लागत्याल. समज काढल्या, आन् लागलं पंचवीसच. मग पोटातली कोकरं कुठनं माघारी आणू? मला आकडा पायजे, पूनम. कमी-जास्त न्हाई म्हनत मी. नुसता आकडा."

मी येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत उभी राहिले. राग होता.

"पंच्याखाली निदान दोन हात असत्यात," थोड्या वेळानं ते स्वतःशीच म्हणाले. "बाकी जगाला भाव कळत न्हाई, पर घेनाऱ्याला आन् इकनाऱ्याला तर कळतो. हितं जगालाबी न्हाई आन् घेनाऱ्यालाबी न्हाई. ह्यो कुठला बाजार?"

परतीच्या गाडीत मी आबांना सोडून पुढच्या बाकावर बसले. पण ते वाक्य पाटसच्या पुढं माझ्या डोक्यात शिरलं ते भांडगाव आलं तरी निघालं नाही. बी.कॉम.ला तीन वर्षं मी बाजारपेठ शिकले होते. असं कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. रडायचं नाही असं ठरवून केला होता, त्यामुळं लगेच रडू आलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्याह्यांनी मॅनेजरची मूठ आवळली का?"

"अण्णा!"

"बरं, ऐक. शिरूरला एक डॉक्टरीणबाई आहेत, कान-नाक-घशाच्या. लुबना नाव त्यांचं. त्यांच्याकडं भिंतीवर सगळे दर लिहिलेत. तसा नियमच आहे, सगळ्यांनी लावायचे असतात. काही जण लावतातही, पण वर कॅलेंडर टांगतात. यांचा बोर्ड मी स्वतः वाचून आलोय. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, बाकी व्यवस्थित."

दुसऱ्या दिवशी चौफुल्यावरून शिरूरची गाडी धरली. पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्यापर्यंत दोन्हीकडं ऊस, आणि माझ्या मनात नवीनच काळजी. दर लिहून ठेवणारी डॉक्टर म्हणजे साधीच असणार. स्वस्त असणार. स्वस्त म्हणजे कच्ची असली तर? आदल्या दिवशी आबांवर चिडलेली मीच, आता मनातल्या मनात त्या चकचकीत फरशीची आठवण काढत होते.

शिरूरचा दवाखाना दोन खोल्यांचा वाटला, आत गेल्यावर पाच निघाल्या. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि समोरच्या भिंतीवर पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत बोर्ड. काउंटरवर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून बसले होते. ते डॉक्टरांचे वडील, सुभानभाई, हे नंतर कळलं.

आबांना वाचता येतं, पण चष्मा आणायचा ते विसरतात. म्हणून स्नेहलनं त्यांना बोर्ड वाचून दाखवला. ती नाकातून बोलते, त्यामुळं सगळ्या बोर्डाला सर्दी झाल्यासारखी वाटली. "टॉंन्सिल व नाकामागील वाढ, लहान मुले, एक दिवस मुक्कामासह, बत्तीस हजार. भूल, औषधे, तपासण्या यातच. मुक्काम वाढल्यास रोज दोन हजार. याखेरीज काही लागल्यास आधी विचारून."

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पंचा खांद्यावर सारखा केला. "चल," ते मला म्हणाले.

"कुठं?"

"घरी. भाव भितीवर लिवून ठिवतो त्येच्या मालात खोट असती. चांगलं जनावर कुनी पाटी लावून इकतं व्हय? पाटी लावायची भज्याला आन् वड्याला."

काउंटरवरून सुभानभाई शांतपणे म्हणाले, "भजी संपल्यात, मामा. वडे संध्याकाळी."

लोक हसले. मी हसले नाही. मला जे झालं ते नीट सांगता येणार नाही. मी उभी राहिले आणि आबांना, ज्यांच्यापुढं मी बारा वर्षांत आवाज केला नव्हता, म्हटलं, "काल भाव सांगत नाहीत म्हणून उठलात. आज सांगतात म्हणून उठताय. पोरीनं श्वास कधी घ्यायचा, आबा?"

दवाखान्यात एकदम शांतता झाली. त्या शांततेत स्नेहलचा श्वास ऐकू येत होता, उघड्या तोंडानं, जुन्या पंपासारखा. आबांनी तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पंचा खांद्यावरून काढत ते काउंटरकडं गेले. मी डोळे मिटून घेतले.

"भितीवरलं लोकांसाठी झालं," आबांचा आवाज आला. "आमच्यासाठी किती?"

मी डोळे उघडले. सुभानभाई पंच्याकडं बघत होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून वहीवर ठेवला, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात काउंटरवर ठेवला.

"टाका," ते म्हणाले.

पंचा पडला. आबांच्या मिशा किंचित हलल्या. तोंडानं त्यांनी रीतीप्रमाणं सुरुवात केली. "कारखाना सुरू झाला का तुमच्याकडं?"

"मला कारखान्याचं काय ठावं? मी बकऱ्यांचा व्यापारी. तीस वर्षं केलं." सुभानभाईंचा खांदा जरासा हलला. "पोरगी डॉक्टर झाली, मग बाजार सोडला. तुमचं गाव?"

"भांडगाव." आबांच्या भुवया वर गेल्या. "पोरं किती?"

"ही एक. आन् एक दुबईला."

पंच्याच्या आत काहीतरी दोनदा वर-खाली झालं. खुर्चीवरची माणसं मान वाकडी करून बघायला लागली; शिरूरच्या दवाखान्याचा घटकाभर बाजार झाला. मग आबा "आयला!" म्हणून हात चोळत मागं सरले आणि हसले. गेल्या महिन्याभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा आबांनी पंच्याखालचा भाव मला सांगितला. "मी तीस धरलं. त्यानं बत्तीस. मी यकतीस धरलं. त्यानं परत बत्तीस, आन् वर चिमटा काढला. भितीवर ज्ये हाय त्येच बोटावर! चाळीस वर्सांत असा इकनारा बगितला न्हाई मी."

सुभानभाई बाही खाली करत म्हणाले, "आधी हर एकाला वेगळा भाव सांगायचो, मामा. मग कुणाला काय सांगितलं ते ध्यानात ठेवायची कटकट. आता भिंत ध्यानात ठेवते. पण ह्या बोटांना काम राहिलं नव्हतं. आज बरं वाटलं."

डॉक्टर लुबना माझ्यापेक्षा वयानं लहानच असतील. तपासून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "झोपेत श्वास किती वेळ थांबतो, सांगता येईल?" मी म्हटलं, बाराही झालेत. मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी कागदावर तो आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही मोजलंत." मग ऑपरेशनमध्ये काय करणार, काय बिघडू शकतं, रक्त आलं तर कितीला घाबरायचं आणि कितीला नाही, सगळं न विचारता सांगितलं. काळजी करणाऱ्या बाईला बिघडू शकणाऱ्या गोष्टींची यादी दिली तर ती आणखी घाबरेल, असं लोकांना वाटतं. माझं उलट झालं. माझ्या मनातली यादी त्यांच्या यादीपेक्षा कितीतरी मोठी होती.

गुरुवार ठरला. मधल्या बाजाराच्या दिवशी आबा तीन भाकड मेंढ्या घेऊन गेले आणि रिकामे परत आले. केवढ्याला गेल्या, ते आत्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "नळाला काय झालंय ते बग आदी, बादली भरंना झालीय." आत्या मला म्हणाल्या, "सुधारलं न्हाई गं हे." पाच गाभण मेंढ्या परसात निवांत रवंथ करत होत्या.

गुरुवारी आत नेताना स्नेहलनं माझा हात सोडला आणि आबांचा पंचा मागितला. नर्स म्हणाल्या, आत कपडा नेता येणार नाही. म्हणून दार बंद झाल्यावर पाऊण तास आबा तो पंचा हाताला गुंडाळत होते, सोडत होते. मी मोजत होते. काय मोजत होते, ते विचारू नका. फरशीच्या चौकटी, माणसं, काहीही. सुभानभाईंनी दोनदा चहा आणला. दुसऱ्यांदा आणला तेव्हा म्हणाले, "हा भिंतीवर नाही. फुकट." दार उघडलं तेव्हा डॉक्टरांनी आधी मान हलवली आणि मग तोंडावरचा मास्क काढला. कुठल्या क्रमानं सांगायचं, हेही त्यांना ठाऊक होतं.

स्नेहलला त्या रात्री थोडा ताप आला, त्यामुळं एक मुक्काम वाढला. शनिवारी बिल आलं. बत्तीस आणि दोन, चौतीस. मी ते वरून खाली वाचलं, मग खालून वर. 'इतर' हा शब्द कुठंच नव्हता; मी तीनदा शोधला. आबांनी पंचा काढून काउंटरवर टाकला आणि वाढलेल्या मुक्कामाचे दोन सोडवायचा प्रयत्न केला. पाच मिनिटं पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. आबा बोटं चोळत परत आले. "न्हाई सोडत," ते समाधानानं म्हणाले. "घट्ट माणूस हाय."

घरी आल्यावर आठ दिवस कमीत कमी बोलायचं, कडक काही खायचं नाही, गार चालेल, असं सांगितलं होतं. स्नेहलला बोलू नको म्हणणं म्हणजे हायवेला थांब म्हणण्यासारखं, पण घसा दुखत होता म्हणून ती ऐकत होती. रात्री ती घोरत नाही. मी जागीच असते. आता आवाज नाही म्हणून झोप लागत नाही. आत्ता हे लिहितानासुद्धा मधेच थांबून ऐकते, मग लिहिते.

काल दुपारी मी ताक घेऊन ओसरीवर गेले तर आजोबा आणि नात समोरासमोर मांडी घालून बसलेले. मध्ये पंचा. आबा मोठ्यानं विचारत होते, "मग? बाईंनी गृहपाठ लई दिला का?" स्नेहल मान हलवत होती, हो की नाही ते कळत नव्हतं. पंच्याच्या आत काहीतरी भराभर चाललं होतं. बाजूला आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बघ, धंदा पुढच्या पिढीत गेला.

"काय ठरतंय?" मी विचारलं.

"काय न्हाई. गप्पा," आबा म्हणाले.

"आईस्क्रीम किती ठरलं? डॉक्टरांनी दिवसाला एक सांगितलंय. आबा, भिंतीवर लिहायचं का मी? दुसऱ्याला भाव सांग म्हणता आणि घरात..."

स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. गालात हसत, तोंड मिटून. ओठ घट्ट मिटलेले होते आणि ती तशीच, नाकानं, सावकाश श्वास घेत होती, काही विशेष न करता, जसा सगळे घेतात. नऊ वर्षांत मी तिचं मिटलेलं तोंड इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मी ताकाचा तांब्या हातात धरून उभी राहिले. सहा, सात, आठ झाले, पुढंही झाले, आणि मोजायचं काही कारणच नव्हतं.

मी काय विचारत होते, ते विसरून गेले. तेवढ्यात पंच्याखाली मूठ आवळली. सौदा पक्का झाला. कितीला, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.